चित्र दिसते, पण कॅमेरा ऐकत नाही

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे सव्वापाचला आमच्या जिनिंगच्या रात्रपाळीच्या चौकीदार काकांचा फोन आला. "भाऊ, गंजीवरचा कॅमेरा दिसते, पण आयकत नाही. काल संध्याकाळपासून एकाच जागी पाहून राहिला." काकांनी सहज सांगितलेल्या या वाक्यात बिघाडाचे निम्मे निदान होते, हे मला सोमवारी दुपारी कळले. मधल्या दीड दिवसात आम्ही मोटार, वीज, पासवर्ड आणि नवे सॉफ्टवेअर या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. फिरत्या कॅमेऱ्याचे चित्र व्यवस्थित येत असताना बाण दाबल्यावर तो हलत नाही, ही तक्रार माझ्या ओळखीच्या आणखी दोघांनी याच हंगामात केली, म्हणून आमच्या आवारात काय घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

मी वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये विजेचे, वजनकाट्याच्या संगणकाचे आणि त्याच ओघात कॅमेऱ्यांचेही काम पाहतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की आवारात उघड्यावर गंज्या उभ्या राहतात आणि तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत आमच्या सगळ्यांच्या डोक्यात आगीची धास्ती असते. कापसाची आग लगेच भडकून दिसेलच असे नाही. ठिणगी आत शिरते, आतल्या आत धुमसते आणि वर धूर दिसेपर्यंत गंजीचे पोट जळालेले असते. म्हणून आवारात नऊ मीटरच्या दोन खांबांवर दोन फिरते कॅमेरे आहेत. एक फाटक आणि वजनकाटा पाहतो, दुसरा गंज्या. गंजीवरचा कॅमेरा रात्री आठ ठरलेल्या जागांवरून गस्त घालतो, प्रत्येक जागी वीस सेकंद थांबतो, म्हणजे साधारण तीन मिनिटांत पुन्हा पहिल्या जागी येतो. तो एकाच जागी पाहत राहिला, तर आठातल्या सात जागा अंधारात आहेत असेच समजायचे.

त्याआधीच्या आठवड्यात आम्ही रेकॉर्डिंगच्या संगणकावरचे सॉफ्टवेअर बदलले होते. जुने सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या कंपनीचे होते आणि ते कॅमेऱ्याशी कंपनीच्या खासगी भाषेत बोलत असे. नवे सॉफ्टवेअर ऑनव्हिफ या सामाईक भाषेत बोलते. अॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ मध्ये एकत्र येऊन या भाषेची सुरुवात केली, आणि आज एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळेच. नव्या सॉफ्टवेअरवर दोन्ही कॅमेरे आठवडाभर उत्तम फिरले. मग शनिवारी दुपारी कंत्राटदाराचा मुलगा दोन्ही कॅमेऱ्यांत नवे फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चालणारे त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर, घालायला आला. काट्यावरचा कॅमेरा जुन्या बनावटीचा निघाला आणि त्याने ती फाइल घेतलीच नाही. गंजीवरच्याने घेतली, पाच-सात मिनिटांत तो पुन्हा चालू झाला आणि चित्र आले. कोपऱ्यातली वेळ भलतीच दिसत होती, ती मुलाने हाताने बरोबर केली आणि नागपूरची गाडी पकडायला तो निघून गेला. कॅमेरा फिरवून कोणीच पाहिला नाही. मी शेजारीच उभा होतो, तेव्हा ही चूक त्याच्याइतकीच माझीही आहे.

रविवारी सकाळी मी पोहोचलो तोवर दोषी ठरलेला होता. शेठ म्हणाले, "जुनं चांगलं चाललं होतं, तुम्हालाच नवं पाहिजे होतं." नवे सॉफ्टवेअर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, फर्मवेअरचा बदल मात्र मी आणि तो मुलगा सोडून कोणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे संशय कुठे जाणार हे उघड होते. फोनवर मुलाने वेगळेच निदान सांगितले: "सर, मोटार गेली असेल. डोम खाली उतरवावा लागेल." भर हंगामात नऊ मीटरच्या खांबावरून डोम, म्हणजे कॅमेऱ्याचा फिरता घुमट, उतरवायचा म्हटले की शिडी, दोन माणसे आणि गंज्यांच्या मधून वाट काढणे आले, म्हणून आधी जमिनीवरून जेवढे तपासता येईल तेवढे तपासायचे मी ठरवले.

पहिली गोष्ट, काट्यावरचा कॅमेरा त्याच संगणकावरून, त्याच माउसने, त्याच बाणांनी मुकाट्याने फिरत होता. म्हणजे नवे सॉफ्टवेअर सरसकट नादुरुस्त नव्हते. दुसरी गोष्ट, गंजीवरचा कॅमेरा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली कुठेही हलत नव्हताच, पण झूमही होत नव्हता. आडवे फिरणे, उभे झुकणे आणि झूम यांच्या मोटारी वेगवेगळ्या असतात. झूमची तर लेन्सच्या आतच असते. तीन मोटारी एकाच शनिवारी संध्याकाळी संगनमताने बंद पडल्या असे मानण्यापेक्षा हुकूमच तिथपर्यंत पोहोचत नाही असे मानणे जास्त शहाणपणाचे होते.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मी त्या कॅमेऱ्याची वीज नेटवर्क स्विचमधून, म्हणजे कॅमेऱ्यांच्या तारा जिथे येऊन मिळतात त्या पेटीतून, बंद करून दहा सेकंदांनी पुन्हा चालू केली. वीज आल्यावर असे बहुतेक कॅमेरे स्वतःची परीक्षा घेतात: डोम आडवा फिरतो, मग खाली-वर झुकतो आणि मूळ जागी येऊन थांबतो. घरी जायला निघालेले चौकीदार काका खांबाखाली मान वर करून उभे होते. तिथूनच त्यांनी आवाज दिला, "हा त फिरून राहिला ना भाऊ! मंग तुमचंच काऊन नाही आयकत?" प्रश्न अगदी नेमका होता. मोटारी, पट्टे आणि त्यांना चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी धडधाकट आहे हे त्या अर्ध्या मिनिटात सिद्ध झाले. त्यानंतर ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकून मी त्याचे स्वतःचे पान उघडले आणि तिथला उजवा बाण दाबला. कॅमेरा उजवीकडे वळला. म्हणजे कॅमेरा हुकूम मानतो, फक्त आमच्या सॉफ्टवेअरकडून आलेला हुकूम मानत नाही.

ज्यांना अशी अडचण येईल त्यांनी निदान एवढ्या दोन परीक्षा आधी कराव्यात असे मला वाटते, कारण त्यांना पैसे लागत नाहीत आणि शिडीही लागत नाही. वीज देताना डोम फिरलाच नाही, किंवा फिरता फिरता अडकून कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद होऊ लागला, तर बिघाड खरोखर वर खांबावर आहे. त्यात विजेचाही भाग असतो. इथरनेटच्या तारेतून वीज देण्याच्या जुन्या प्रमाणात स्विचकडून १५.४ वॉट मिळतात, नंतरच्या प्रमाणात ३०, आणि मोटारी व रात्रीचे इन्फ्रारेड दिवे एकाच वेळी चालवणाऱ्या मोठ्या डोमला पहिले प्रमाण अनेकदा पुरत नाही. आमच्याकडे ३० वॉटचा स्विच होता आणि कॅमेरा भर दुपारीही ढिम्म होता, तेव्हा तो मुद्दा तिथेच संपला.

रविवारची रात्र कशीबशी काढली. सॉफ्टवेअरची गस्त बंद होती, म्हणून काकांना कॅमेऱ्याचे पान उघडून हाताने फिरवायला शिकवले. त्यांनी ते दहा मिनिटांत आत्मसात केले आणि रात्रभर दर अर्ध्या तासाने आठही जागा पाहिल्या.

सोमवारी सकाळी कंत्राटदाराचा मुलगा नागपूरहून आला आणि आमची निम्मी सकाळ पासवर्डमध्ये गेली. नव्या फर्मवेअरमध्ये ऑनव्हिफच्या वापरकर्त्यांची यादी कॅमेऱ्याच्या नेहमीच्या वापरकर्त्यांपासून वेगळी असते आणि अपडेटनंतर ती कधी कधी रिकामी होते किंवा ऑनव्हिफच बंद होऊन बसते, हे त्याला ठाऊक होते, आणि तपासायला ही जागा योग्यच होती. आमच्या यादीत वापरकर्ता होता आणि ऑनव्हिफही चालू होते. मग हुद्दा पाहिला. या भाषेत प्रशासक, चालक आणि साधा वापरकर्ता असे हुद्दे असतात, आणि साध्या वापरकर्त्याला बहुतेक कॅमेरे चित्र दाखवतात पण मोटारीला हात लावू देत नाहीत. चित्र आहे पण फिरत नाही, या लक्षणाशी हे तंतोतंत जुळत होते, म्हणून मला वाटले, सापडले. पण आमचा वापरकर्ता चालक होता. त्याला प्रशासक केले, तरी कॅमेरा हलेना. नवा वापरकर्ता केला, पासवर्ड साधा ठेवला, परिणाम तोच.

त्यानंतर मुलाने सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केले आणि आतापर्यंत निदान दिसत असलेले चित्रही गेले. शेठ नेमके त्याच क्षणी मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी काही म्हटले नाही, हे जास्त वाईट होते. अर्ध्या तासाने चित्र आपोआप परत आले तेव्हा उलगडा झाला: बाण दाबून दाबून आम्ही इतके हुकूम पाठवले होते आणि कॅमेऱ्याने ते इतक्या वेळा नाकारले होते, की कोणीतरी पासवर्ड फोडायचा प्रयत्न करत आहे असे समजून त्याने आमच्या संगणकाचा पत्ताच तीस मिनिटांसाठी बंद केला होता. त्रास झाला खरा, पण त्यातून एक पक्की गोष्ट हाती आली. हुकूम कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत होते. तो ते ऐकत होता आणि ओळख पटत नाही म्हणून फेटाळत होता.

इथे थोडे विषयाच्या मागे जातो. पंधरा वर्षांपूर्वी मी फिरते कॅमेरे जोडायला शिकलो तेव्हा चित्राची तार वेगळी आणि हुकमाची वेगळी असे. हुकमासाठी आरएस-४८५ ची पिळलेली दोन तारांची जोडी टाकायची, शेवटच्या कॅमेऱ्यावर १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि पेल्को-डी नावाच्या पद्धतीने सात बाइटांचा हुकूम पाठवायचा. पत्ता १ असलेल्या कॅमेऱ्याला मध्यम वेगाने उजवीकडे वळवायचे असेल, तर तो हुकूम एफएफ, ०१, ००, ०२, २०, ००, २३ असा असे. पहिला बाइट सुरुवातीची खूण, दुसरा कॅमेऱ्याचा पत्ता, चौथ्यातला ०२ म्हणजे उजवीकडे, पाचवा वेग, आणि शेवटचा २३ म्हणजे मधल्या पाचांची बेरीज, जेणेकरून वाटेत एखादा बाइट बिघडला तर कॅमेऱ्याला कळावे. ही सात आकडी ओळ मला अजून पाठ आहे. त्यात नाव नाही, पासवर्ड नाही, वेळ नाही. त्या दोन तारांना ज्याचा हात पोहोचेल, त्याचे कॅमेरा ऐकणार. बिघाड व्हायचा तोही तसाच साधा: ए आणि बी तारा उलट जोडल्या जायच्या, पत्ता चुकायचा, नाहीतर हुकूम पाठवण्याचा वेग एका बाजूला २४०० आणि दुसऱ्या बाजूला ९६०० चा असायचा.

कॅमेरे इंटरनेटच्या तारेवर आले आणि हा भाबडेपणा परवडेनासा झाला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच जोरावर त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीच्या यंत्रणेवर असा मारा झाला की अमेरिकेत ट्विटरसारख्या बड्या साइट काही तास अडखळल्या. त्यानंतर कॅमेऱ्यांचे फर्मवेअर अपडेट म्हणजे बहुधा एखादे दार आणखी घट्ट बंद करणे असते. मला त्याबद्दल तक्रार नाही. दार बंद केल्याचे घरच्यांनाही सांगत नाहीत, ही तक्रार मात्र आहे. आमच्या सॉफ्टवेअरने बाण दाबल्यावर "कॅमेऱ्याने नकार दिला" एवढे तीन शब्द पडद्यावर दाखवले असते, तरी आमचा रविवार वाचला असता.

ते शब्द शेवटी मी तारेवरून वाचले. रेकॉर्डिंगच्या संगणकावर वायरशार्क, म्हणजे तारेवरून येणारे-जाणारे संदेश दाखवणारा प्रोग्रॅम, लावला, गंजीवरच्या कॅमेऱ्याच्या पत्त्यापुरतीच गाळणी ठेवली आणि मुलाला उजवा बाण एकदाच दाबायला सांगितले, एकदाच, कारण पुन्हा कुलूप लागायला नको होते. हुकूम वाचता येईल अशा साध्या मजकुरात जातो. वर वापरकर्त्याचे नाव, त्याखाली पासवर्डऐवजी एक गिचमिड अक्षरांची ओळ, त्याखाली तशीच आणखी एक ओळ, मग तयार केल्याची वेळ, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष काम: सतत फिरत राहा, आडवा वेग इतका, उभा शून्य. कॅमेऱ्याचे उत्तर एका ओळीचे होते: अधिकार नाही. माझे लक्ष मात्र वेळेवर अडकले. हुकमात ०८:१९ लिहिले होते आणि माझ्या हातातल्या घड्याळात १३:४९ झाले होते. क्षणभर वाटले, संगणकाचे घड्याळ चुकले आहे. मग आठवले की ही वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि म्हणून ०८:१९ अगदी बरोबर आहे. संगणक बरोबर होता. मग कॅमेऱ्याला किती वाजले आहेत असे वाटते?

हा प्रश्न कॅमेऱ्याला विचारता येतो, आणि या भाषेत तो पासवर्डाशिवायच विचारता येतो. मी विचारला. उत्तर आले: जागतिक वेळ १३:५२.

इथे सगळे उलगडले. फर्मवेअर घालताना गंजीवरच्या कॅमेऱ्याची वेळेची मांडणी मूळपदावर गेली होती आणि त्याचा वेळपट्टा शून्यावर, म्हणजे ग्रिनिचवर, येऊन बसला होता. कोपऱ्यातली वेळ चुकीची दिसली म्हणून मुलाने पट्ट्याला हात न लावता घड्याळाचे काटेच पुढे केले. चित्रावर आपली स्थानिक वेळ दिसू लागली आणि आम्ही निश्चिंत झालो. पण शून्य पट्ट्यावर दुपारचे १३:५२ म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात ग्रिनिचलाच १३:५२ वाजले होते. तो जगाच्या साडेपाच तास पुढे गेला होता आणि पडद्यावर मात्र त्याची वेळ मिनिटामिनिटाने बरोबर होती. वेळ चुकीची दिसली असती तर कोणालातरी शंका आली असती. बरोबर दिसत होती, म्हणूनच दीड दिवस कोणी तिकडे पाहिले नाही.

वेळेचा आणि मोटारीचा संबंध काय, हे मुलाने विचारले आणि तेच इथे सांगतो. ऑनव्हिफच्या या पद्धतीत पासवर्ड उघडा पाठवत नाहीत. सॉफ्टवेअर एक यादृच्छिक संख्या घेते, तिच्यापुढे हुकूम तयार केल्याची वेळ आणि पासवर्ड जोडते आणि या सगळ्याचा एसएचए-१ नावाच्या रीतीने एक ठसा काढते. मघाची पहिली गिचमिड ओळ म्हणजे हा ठसा, दुसरी म्हणजे ती संख्या. कॅमेरा संख्या आणि वेळ हुकमातून घेतो, पासवर्ड स्वतःजवळचा घेतो, तोच ठसा स्वतः काढून पाहतो, आणि शिवाय वेळ फार जुनी तर नाही ना हेही तपासतो. वेळ कशाला तपासायची? कारण तारेवर टपून बसलेल्या कोणी आमचा आजचा "उजवीकडे वळ" हा हुकूम जसाच्या तसा टिपून ठेवला आणि रात्री परत पाठवला, तर पासवर्ड ठाऊक नसतानाही कॅमेरा त्याचे ऐकेल. म्हणून शिळा हुकूम कॅमेरा टाकून देतो, आणि आमचा प्रत्येक ताजा हुकूम त्याच्या लेखी साडेपाच तास शिळा होता. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, हुद्दा बरोबर, तरी फेटाळला जाणारच.

चित्र मात्र वेगळ्या वाटेने येते. चित्र मागताना कॅमेरा स्वतःच एक संख्या देतो आणि तिच्यावर पासवर्डाचा ठसा मागतो, त्यात घड्याळ कुठेच येत नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनही आम्ही हुकूम देऊ शकत होतो, कारण त्या पानाची ओळख पटवण्याची रीतही वेगळी आहे. काट्यावरच्या कॅमेऱ्याची वेळ मी उत्सुकतेपोटी पाहिली: तो चार मिनिटे मागे होता आणि तरीही फिरत होता. जुने फर्मवेअर एवढी चूक पोटात घालत होते. काही सॉफ्टवेअरे आधी कॅमेऱ्याची वेळ विचारून त्याच्याच घड्याळाप्रमाणे हुकूम तयार करतात, त्यांना हा त्रास होत नाही. आमचे तसे करत नव्हते.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. कॅमेऱ्याच्या पानावर वेळपट्ट्यांची लांबलचक यादी उघडली, +५ च्या खाली आणि काठमांडूच्या +५:४५ च्या वर आपला +५:३० दिसला, तो निवडला, आणि घड्याळ हाताने लावण्याऐवजी संगणकाकडून घ्यायला सांगितले. मुलाने बाण दाबला.

कॅमेरा हलला नाही.

तो हिरमुसला, पण खरे सांगायचे तर मी खूश झालो, कारण तारेवरचे उत्तर बदलले होते. आता "अधिकार नाही" ऐवजी "असे प्रोफाइल नाही" असे येत होते. कॅमेरा आमची ओळख मान्य करत होता, फक्त आम्ही भलत्याच नावाने हाक मारत होतो. प्रोफाइल म्हणजे कॅमेऱ्यात नाव देऊन ठेवलेली चित्राची मांडणी, आणि फिरवण्याच्या प्रत्येक हुकमात कोणत्या प्रोफाइलसाठी फिरायचे त्याचे नाव द्यावे लागते. नव्या सॉफ्टवेअरने आठवड्यापूर्वी कॅमेरा जोडताना ते नाव एकदाच विचारून लिहून ठेवले होते, आणि नव्या फर्मवेअरने ती नावे बदलली होती. आधी कोणी कॅमेरा काढून पुन्हा जोडला असता तर हा दोष आपोआप गेला असता, पण घड्याळ चुकलेले असताना जोडणीच फेटाळली गेली असती आणि आम्ही पुन्हा पासवर्डाकडे वळलो असतो. दोन दोष एकावर एक बसले होते, आणि खालचा दिसायला वरचा उचलावा लागला. सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याची माहिती नव्याने वाचण्याचे बटण होते, ते दाबल्यावर उजवा बाण दाबताच गंजीवरचा कॅमेरा उजवीकडे वळला. मुलाने चारही दिशांना तो इतक्या वेळा फिरवला की मला त्याला थांबवावे लागले.

घड्याळाचा बंदोबस्त मात्र नीट करून ठेवला. कॅमेऱ्यांना इंटरनेटवर मोकळे सोडायचे नाही हा आमचा नियम आहे, तेव्हा ते बाहेरच्या सर्व्हरकडून वेळ घेऊ शकत नाहीत. आता रेकॉर्डिंगचा संगणक बाहेरून वेळ घेतो आणि कॅमेरे त्याच्याकडून घेतात. संगणकाला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर दिला आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा याच प्रयोगशाळेच्या वेळेशी यंत्रणा जुळवायला सांगितले आहे, त्यामुळे निवड करायला वेळ लागला नाही. शिवाय वजनकाट्याच्या पावतीवरची वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ आता एकच आहे, हा फायदा शेठना सगळ्यात आधी पटला.

उरले ते गस्तीच्या जागांचे. फर्मवेअरने त्या आठही पुसून टाकल्या होत्या. मुलगा म्हणाला, त्या तो लगेच लावून देतो, पण मी त्याला थांबवले आणि रात्री चौकीदार काका आल्यावर त्यांना संगणकासमोर बसवले. या जागा पहिल्यांदा लावल्या तेव्हा मी त्या गंज्यांच्या क्रमांकाने लावल्या होत्या. काकांनी क्रम बदलायला सांगितला. तिसऱ्या आणि चौथ्या गंजीमधली बोळ, जिथे वारा घुसतो आणि कापूस उडून साचतो, ती आधी. मग विजेची पेटी. मग सरकीच्या ढिगाची मागची बाजू, कारण तिथे भिंतीपलीकडे रस्ता आहे. चित्र थोडे खाली घ्या, थोडे जवळ, हां, बस, असे म्हणत त्यांनी एकेक जागा पक्की करून घेतली. आठवी झाल्यावर मी उठू लागलो तर ते म्हणाले, "एक अजून करा ना भाऊ." त्यांनी बोट ठेवले ते फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली, जिथे काटा उघडायची वाट पाहणारे ट्रॅक्टरवाले रात्री तीन दगडांची चूल मांडून भात शिजवतात. ती जागा आमच्या हद्दीत येत नाही, पण कॅमेऱ्याच्या नजरेत येते. नववी जागा तिथली लावली आणि झूम चुलीवर येईल एवढा ठेवला.